नवऱ्याच्या, घराच्या, तालिबानच्या भीतीने पळालेल्या बाईला दुसरा देश आश्रय देतो का?

अनघा

४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने दिलेल्या एका निकालाबद्दल इथे चर्चा व्हावी असं फार वाटतंय. ऑस्ट्रियात आश्रय मागणाऱ्या दोन अफगाण जणींचं प्रकरण होतं. एक तरुण बाई, दुसरी अर्ज करताना अल्पवयीन असलेली मुलगी. ही मुलगी अफगाणिस्तानात कधी राहिलेलीच नव्हती, इराणात वाढली होती. ऑस्ट्रियाने दोघींना राहू दिलं, पण निर्वासिताचा पूर्ण दर्जा नाकारून त्याखालचं संरक्षण दिलं. त्याविरुद्ध त्या भांडल्या.

न्यायालय म्हणालं की तालिबानने बायकांवर घातलेली बंधनं सुटी सुटी मोजू नका. शिक्षण बंद, बहुतेक कामं बंद, दवाखान्यात जायला अडथळे, चेहऱ्यासकट सगळं अंग झाकायची सक्ती, सार्वजनिक जीवनातून हकालपट्टी. शिवाय सक्तीचं लग्न आणि घरातली मारहाण यांपासून कायद्याचं कसलंच संरक्षण नाही. हे सगळं मिळून छळच होतो. आणि अर्ज करणारी व्यक्ती अफगाण आहे आणि स्त्री आहे, एवढं कळल्यावर 'हे तुझ्याच वाट्याला येईल कशावरून?' असं तिला वेगळं विचारायची गरज नाही. स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्क त्याआधीच या भूमिकेला आले होते.

हे मला इतकं मोठं का वाटतं, तर मूळ करारात बाईचं नावच नाही. १९५१च्या निर्वासित करारात छळाची पाच कारणं दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि 'विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व'. लिंग हे कारण नाही. जिनिव्हाच्या परिषदेत युगोस्लाव्हियाच्या प्रतिनिधीने भेदभाव करू नये या कलमात तरी 'लिंग' घाला असं सुचवलं होतं, तेही मान्य झालं नाही. त्या वेळचे संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त फान ह्यूफेन खुदहार्ट यांनी तर लिंगावरून छळ झाल्याची प्रकरणं असतील याबद्दलच जोरदार शंका व्यक्त केली होती. युद्ध नुकतंच संपलं होतं आणि निर्वासित म्हटल्यावर या मंडळींसमोर पोलिसांपासून पळणारा राजकीय कार्यकर्ता उभा राहत होता, पुरुष.

पाचवं कारण स्वीडनच्या प्रतिनिधीने शेवटच्या टप्प्यात घातलं, त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. पुढे बायकांना जो काही आश्रय मिळाला, त्यातला बराचसा याच एका तुकड्याच्या आधाराने मिळाला आहे. तोही एकेका बाईने कोर्टात उभं राहून मिळवलेला.

इथे वकील मंडळी आहेत, परदेशात अशा कामात असलेलेही आहेत. लिहा प्लीज.

दिगू

वाचलं. अफगाणिस्तानचं समजू शकतो, तिथे सरकारच छळ करतंय. पण नवरा मारतो म्हणून आश्रय? मग जगातल्या कितीतरी कोटी बायका पात्र ठरतील. कोणता देश एवढ्यांना घेईल? मी विरोध म्हणून विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचं आहे.

रेवती_वकील

दिगू, नेमका हाच प्रश्न १९९९ साली लंडनला हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, म्हणून तोच खटला सविस्तर सांगते. 'इस्लाम आणि शाह' या नावाने तो ओळखला जातो.

दोन्ही बायका पाकिस्तानच्या. एक शिक्षिका होती. शाळेत दोन राजकीय गटांच्या मुलांची मारामारी झाली, ती सोडवायला मध्ये पडली. त्यातल्या एका गटाने सूड म्हणून तिच्या चारित्र्यावर आरोप केले. तिचा नवरा त्याच गटाचा समर्थक, त्याने ते खरे मानले. तिला इतकं मारलं की दवाखान्यात दाखल करावं लागलं. भावाच्या घरी गेली तर तिथेही धमक्या आल्या. दुसरीला नवऱ्याने घराबाहेर काढलं, इंग्लंडला पोचल्यावर थोड्याच दिवसांत तिला मूल झालं. परत गेलं तर नवरा व्यभिचाराचा आरोप करेल ही तिची भीती. तेव्हा पाकिस्तानात १९७९चा हुदूद अध्यादेश पूर्ण लागू होता. व्यभिचार हा फौजदारी गुन्हा होता आणि बलात्काराची तक्रार करायला गेलेली बाईच त्यात अडकू शकायची.

सरकारी वकिलांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: हे घरगुती भांडण आहे, नवऱ्याचा राग तिच्यावर आहे, 'पाकिस्तानी स्त्रिया' या गटावर नाही.

त्यावर न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी एक उदाहरण दिलं. नाझी जर्मनीच्या सुरुवातीच्या काळातला एक ज्यू दुकानदार घ्या. शेजारचा प्रतिस्पर्धी दुकानदार त्याचं दुकान फोडतो. त्याचा हेतू धंद्याचा आहे, वंशद्वेषाचा असेलच असं नाही. पण आपण हे बिनधास्त करू शकतो हे त्याला पक्कं माहीत आहे, कारण समोरचा ज्यू आहे आणि पोलीस त्याच्या मदतीला येणार नाहीत. मग या ज्यू दुकानदाराचा छळ वंशामुळे झाला की नाही? झाला. कारण मार एकाने दिला आणि संरक्षण दुसऱ्याने काढून घेतलं. छळ म्हणजे गंभीर इजा अधिक राज्यसंस्थेने संरक्षण न देणं, हे सूत्र त्यांनी मान्य केलं. पाकिस्तानात बाईला संरक्षण नाकारलं जातं ते ती बाई आहे म्हणून, म्हणून तिथल्या स्त्रिया हा 'सामाजिक गट' ठरतो. चार विरुद्ध एक असा निकाल लागला.

त्यामुळे 'नवरा मारतो म्हणून आश्रय' असं कायदा कुठेच म्हणत नाही. नवरा मारतो, ती पोलीस ठाण्यात जाते आणि तिला तिथून परत पाठवलं जातं. हे परत पाठवणं तिथल्या व्यवस्थेत मुरलेलं आहे, एखाद्या हवालदाराचा आळस नाही, हे तिला दाखवावं लागतं. २००२ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या खवर खटल्यात हे आणखी स्पष्ट झालं. ती बाईही पाकिस्तानची. नवरा आणि दीर यांनी अंगावर पेट्रोल ओतून जाळायची धमकी दिली होती. ती पोलिसांकडे पुन्हा पुन्हा गेली, तक्रार नीट नोंदवलीच गेली नाही. नवऱ्याचा हेतू खाजगी असला तरी राज्याने बाईला जाणूनबुजून वाऱ्यावर सोडणं हा त्या छळाचाच भाग आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मानलं.

आता संख्येचं. निकष असा लागल्यावर कोटी गळून पडतात. आणि पात्र असणं वेगळं, पोचणं वेगळं. आश्रय मागायला आधी त्या देशाच्या जमिनीवर किंवा सीमेवर उभं राहावं लागतं. जिच्या हातात पैसे नाहीत, पासपोर्ट नाही, मुलं आहेत, ती कुठे जाणार? तालिबानने डिसेंबर २०२१मध्येच फर्मान काढलं की ७२ किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला बाईसोबत घरातला पुरुष हवा. जिला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज असते, तीच बहुतेक वेळा घरात कोंडलेली असते. कॅनडाने १९९३ साली जगात पहिल्यांदा लिंगाधारित छळाच्या अर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हाही लोंढा येईल अशी भीती घातली गेली होती. लोंढा आला नाही.

दिगू

दुकानदाराचं उदाहरण पटलं. धन्यवाद रेवतीताई. मी आत्तापर्यंत 'मारणारा कोण' एवढंच बघत होतो.

टोरांटोवासी

मी इथे कॅनडात काही वर्षं हिंदी-पंजाबीची दुभाषी म्हणून आश्रयाच्या सुनावण्यांना बसते. रेवतीताईंनी सांगितलं तो अर्धा डोंगर. उरलेला अर्धा आपल्या मुंबईपाशी येऊन थांबतो, म्हणून लिहितेय.

छळ सिद्ध झाला तरी एक प्रश्न उरतो: तू तुझ्याच देशातल्या दुसऱ्या शहरात सुरक्षित राहू शकतेस का? राहू शकत असशील तर आश्रय नाही. याच्या दोन पायऱ्या रासरत्नम नावाच्या एका श्रीलंकन तामिळ माणसाच्या खटल्यातून ठरल्या. त्या शहरात छळाचा गंभीर धोका नको, आणि तिथे जाऊन राहा असं सांगणं त्या माणसाच्या परिस्थितीत वाजवी असलं पाहिजे. भारतातून आलेल्या अर्जांत हा प्रश्न जवळपास दरवेळी येतो आणि शहर म्हणून मुंबईचं नाव सतत घेतलं जातं. पंजाब-हरयाणातली मुलगी, जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरचे जिवावर उठलेत. तर तू मुंबईला जा.

एका सुनावणीत मी एका मुलीसाठी भाषांतर करत होते. तिला विचारलं, मुंबई एवढी मोठी, तुला तिथे कोण शोधणार? ती गप्प बसली. मी दुभाषी, मला एक शब्द स्वतःचा जोडता येत नाही. पण मी दादरला वाढलेय. भाड्याची खोली घ्यायची तर घरमालक काय काय विचारतो हे मला माहीत आहे. एकटी आहेस का, लग्न झालंय का, नवरा कुठे असतो, गावाकडचा पत्ता दे, आधार दे. ते तिला सांगता आलं नाही, आणि तिच्या वकिलाला ते माहीतच नव्हतं.

केवडा

टोरांटोवासी, वाचून गलबलून आलं. मी मुंबईत घरं भाड्याने देण्या-घेण्याचं काम करते. तुमच्या म्हणण्यात भर घालते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं आता नेहमीचं झालं आहे. पोलिसांच्या पोर्टलवर फोटो, ओळखपत्र, मूळ पत्ता भरावा लागतो. करार नोंदवायचा तर अंगठ्याचा ठसाही. बहुतेक सोसायट्या हे कागद दाखवल्याशिवाय सामान आत येऊ देत नाहीत. एकट्या बाईला, त्यातही परप्रांतीय, त्यातही लहान मूल असलेली, खोली मिळणं म्हणजे दहा नकारांनंतरचा एक होकार. ज्यांना अशा पीजीत राहायला जावं लागतं जिथे मूल चालत नाही, त्या मूल कुठे ठेवतात ते विचारू नका.

सासर किंवा माहेर पोलिसांत ओळख असलेलं असेल तर मूळ पत्त्याच्या ठाण्याला एक फोन पुरतो. हे सगळं तिकडच्या न्यायाधीशापुढे कुणी मांडतं का?

टोरांटोवासी

चांगले वकील मांडतात. भाडेकरू पडताळणीची पद्धत आणि पोलीस ठाण्यांना जोडणारी गुन्ह्यांची संगणकीय यंत्रणा, हे दोन्ही मुद्दे भारतीय अर्जांच्या निकालपत्रांत येतात. मग वाद असा होतो की पोलिसांना शोधता येईल, पण ते शोधतील का? शोधणाऱ्याकडे साधन आहे आणि इच्छाही आहे, हे दोन्ही दाखवावं लागतं. केवडाताई, तुम्ही लिहिलंत तसं सविस्तर, रोजच्या व्यवहारातलं कोणी लिहून दिलं तर त्याला किंमत असते. कोरड्या अहवालात 'मुंबईत महिलांसाठी वसतिगृहं आहेत' एवढंच असतं. किती दिवस राहता येतं, मुलगा किती वर्षांचा असला की आत घेत नाहीत, हे नसतं.

आणखी एक. बायका पहिल्या मुलाखतीत सगळं सांगत नाहीत. बलात्कार तर नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, समोर बाई अधिकारी असली तर, तोंडातून निघतं. पूर्वी यालाच 'आधी बोलली नाही, म्हणजे आता खोटं बोलतेय' असं धरलं जायचं. कॅनडाची तत्त्वं २०२२ला नव्याने लिहिली गेली, त्यात मानसिक आघाताचा स्मरणावर आणि सांगण्यावर होणारा परिणाम लक्षात घ्या असं सांगितलेलं आहे. अमेरिकेत तर १९९६च्या कायद्याने देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायची मुदत घातली. काही अपवाद आहेत, पण जिला स्वतःला काय झालं हे उच्चारायलाच दोन वर्षं लागतात तिने काय करायचं?

मीठभाकर

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर विचारतो. बातम्यांत कधी 'दार उघडलं', कधी 'दार बंद' असं वाचतो. नक्की आहे काय?

रेवती_वकील

थोडक्यात सांगते, कारण तिथला इतिहास म्हणजे नुसते हेलकावे आहेत. १९९६ साली टोगोच्या एका मुलीला आश्रय मिळाला. कोवळ्या वयात सक्तीचं लग्न लावलं, सुंताही करणार होते, ती पळाली. अमेरिकेत पोचल्यावर विमानतळावर खरं सांगून आश्रय मागितला, तर एक वर्षाहून अधिक काळ कोठडीत ठेवलं. तिच्या 'कासिंगा' खटल्यात, स्त्रियांची सुंता हा छळ आहे हे तिथल्या स्थलांतरितांच्या अपील मंडळाने मान्य केलं. घरातल्या मारहाणीचं मात्र भिजत घोंगडं राहिलं. ग्वाटेमालाच्या एका बाईला १९९६ला आश्रय मिळाला, १९९९ला काढून घेतला, आणि शेवटी मिळाला तो २००९च्या अखेरीस. २०१४ला मंडळाने 'नातं सोडू न शकणाऱ्या ग्वाटेमालातल्या विवाहित स्त्रिया' हा गट मान्य केला. २०१८ला ॲटर्नी जनरल सेशन्स यांनी तो निर्णय मोडीत काढला. २०२१ला त्याच पदावर आलेल्या गारलंड यांनी सेशन्सचा निर्णय मागे घेतला. २०२५मध्ये पुन्हा उलट झालं: केवळ लिंग किंवा लिंग आणि राष्ट्रीयत्व यांवर आधारलेला गट फार व्यापक आहे, असं अपील मंडळाने एल साल्वाडोरच्या एका बाईच्या प्रकरणात म्हटलं.

मला यात सगळ्यात भयंकर हे वाटतं की कायद्यातले 'विशिष्ट सामाजिक गट' हे शब्द या तीस वर्षांत बदललेलेच नाहीत. ॲटर्नी जनरल हा सरकारचा माणूस, त्याला या निर्णयांवर हात फिरवता येतो. ज्या बाईची तारीख २०१७ला लागली ती वाचली, जिची पुढच्या वर्षी लागली ती परत गेली.

ब्रिटननेही २०२२च्या कायद्याने सामाजिक गटाची व्याख्या घट्ट केली. आता जन्मजात किंवा बदलता न येणारं वैशिष्ट्यही हवं आणि समाजाने वेगळं मानलेलंही हवं, दोन्ही. युरोपीय न्यायालय मात्र उलट्या दिशेने गेलं. १६ जानेवारी २०२४चा निकाल पाहा: बल्गेरियात आलेली तुर्कस्तानची कुर्द बाई, बळजबरीचं लग्न, मारहाण, मग घटस्फोट, आणि घरचे अब्रूपायी मारून टाकतील ही भीती. एखाद्या देशातल्या सगळ्या स्त्रियाही सामाजिक गट ठरू शकतात, असं न्यायालयाने सांगितलं. त्याला आधार घेतला इस्तंबूल कराराचा, म्हणजे बायकांवरची हिंसा रोखण्यासाठीच्या युरोपीय कराराचा, ज्याच्या ६०व्या कलमात लिंगाधारित हिंसा हा छळ मानावा असं लिहिलं आहे. आणि तुर्कस्तान २०२१ला त्याच करारातून बाहेर पडलं.

ऋतुगंध

समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांचाही उल्लेख व्हायला हवा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये इराण आणि कॅमेरूनच्या दोन समलिंगी पुरुषांच्या बाबतीत जे म्हटलं ते माझ्या मनात कायम आहे. खालची न्यायालयं म्हणत होती, गुपचूप राहा म्हणजे काही होणार नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की छळाच्या भीतीने आयुष्यभर लपून राहायला लावणं हेच संरक्षणाच्या विरुद्ध आहे. 'गप्प राहा, कुणाला कळणार नाही' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो, म्हणून हा निकाल मला फार जवळचा वाटतो.

शुभदा_पुणे

मी पुण्यात शिकवते. आमच्याकडे शिष्यवृत्तीवर आलेले बरेच अफगाण विद्यार्थी होते, मुलीही. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल पडलं तेव्हा काही मुली कोविडमुळे घरी अडकलेल्या होत्या. त्याच महिन्याच्या शेवटी सरकारने भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द करून नवा आपत्कालीन ई-व्हिसा लागेल असं जाहीर केलं. त्या मुलींचे मेल येत राहिले. 'मॅडम, माझं एकच सत्र राहिलंय.' डिसेंबर २०२२मध्ये तिकडची विद्यापीठंही मुलींना बंद झाली.

ज्या इथे होत्या त्यांचं शिक्षण संपलं की पुढे काय, हे मला कुणी सांगू शकलं नाही. भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदाच नाही. परकीय नागरिकांचा कायदा आहे, २०२५ला तो नवा झाला, पण त्यातही 'छळामुळे आलेली बाई' अशी कुठली जागा नाही. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय नोंदणी करून ओळखपत्र देतं, पण त्याने बँकेत खातं उघडेलच असं नाही, नोकरीचा हक्क मिळत नाही. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीत अफगाणिस्तान आहे, पण धर्म ठरवून दिलेले आहेत आणि ३१ डिसेंबर २०१४ ही शेवटची तारीख. तालिबानला घाबरणारी मुसलमान मुलगी त्यात कुठेच बसत नाही. माझी एक हुशार विद्यार्थिनी अशीच व्हिसा वाढवत, एकेक कोर्स घेत राहतेय.

रेवती_वकील

शुभदाताई, पूर्ण अंधार नाही, एवढं सांगते. घटनेचं २१वं कलम, जगण्याचा हक्क, नागरिक नसलेल्यालाही आहे. १९९६च्या, अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. १९९८ला गुजरात उच्च न्यायालयाने इराकी निर्वासितांच्या बाबतीत, छळ होईल तिथे परत पाठवू नये हे तत्त्व याच कलमात शोधलं. पण हे न्यायाधीशांवर अवलंबून आहे, आणि अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने रोहिंग्यांच्या बाबतीत हात आखडता घेतला आहे. त्या मुलीला वकील करून द्या, व्हिसा संपायच्या आधी. संपल्यानंतर प्रत्येक गोष्ट दुप्पट अवघड होते. मला व्यनि (खाजगी निरोप) करा, मी दिल्लीत काम करणाऱ्या ओळखीच्या वकिलांशी बोलते.

नवी_सदस्य

मी फक्त वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच लिहितेय. माझी मैत्रीण जर्मनीत आहे, नवऱ्याच्या नोकरीवर डिपेंडंट व्हिसा. तो हात उगारतो, पासपोर्ट त्याच्याकडे ठेवलाय, 'तक्रार केलीस तर तुलाच भारतात पाठवतील' म्हणतो. लग्नाला दीड वर्ष झालं. तिला तिथे आश्रय मागता येईल का?

अनघा

बरं झालं लिहिलंस. आश्रय हा तिचा रस्ता नाही, कारण तिला ज्याच्यापासून धोका आहे तो जर्मनीत आहे आणि जर्मनीचे पोलीस तिला संरक्षण द्यायला बांधील आहेत. तिने त्यांच्याकडेच जायचं.

तो व्हिसाबद्दल सांगतोय ते खरं नाही. साधारण नियम असा की जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाला की बायकोला नवऱ्यापासून स्वतंत्र असा राहण्याचा परवाना मिळू शकतो. पण निवास कायद्याच्या ३१व्या कलमात, विशेष त्रासाच्या परिस्थितीत तीन वर्षांची अट सोडता येते आणि घरातली हिंसा त्यात स्पष्ट नमूद आहे. म्हणून पुरावा हवा: डॉक्टरकडे जाऊन जखमांची नोंद, मेसेज जपून ठेवणं, जमलं तर पोलिसांची नोंद. घर सोडल्यावर परदेशी नागरिक कार्यालयात जायच्या आधी सल्ला केंद्रात किंवा वकिलाकडे जावं.

११६ ०१६ हा जर्मनीचा हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीचा क्रमांक. चोवीस तास, फुकट, नाव न सांगता, आणि जर्मन येत नसेल तर दुभाषी जोडून देतात. तिने स्वतःच्या नाही, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करावा. पासपोर्ट त्याच्याकडे अडकला तर भारतीय वकिलातीतून नवा मिळवता येतो, त्यासाठी पोलिसांकडची नोंद उपयोगी पडते. तिच्याजवळ पासपोर्टची आणि परवान्याची फोटोकॉपी किंवा फोटो आहे का, हे आधी विचार. नसेल तर आजच काढून तुला पाठवायला सांग.

टोरांटोवासी

आणि तिला सांग, पोलिसांसमोर नवऱ्याला किंवा त्याच्या मित्राला भाषांतर करू देऊ नकोस. स्वतंत्र दुभाषी हवा म्हणून सांगायचं. कुठल्या शहरात आहे ते व्यनिने कळव, तिथे मराठी मंडळातली एक-दोन ओळखीची माणसं आहेत का बघते. मंडळात कुणालाही सांगायच्या आधी मात्र तिला विचारू, तो त्याच मंडळात असू शकतो.

नवी_सदस्य

व्यनि केलाय दोघींना. फोटो काढलेत तिने. उद्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या फोनवरून फोन करणार आहे.